खोटे न भुंकणारा

कलकत्त्यात राहणाऱ्या मराठी माणसास काही विषयांतील अधिकारी पुरुष समजण्याची येथील रीत आहे. (सरकारदरबारी हे शहर २००१ पासून कोलकाता झाले, परंतु आमच्या जिभेचे जुने वळण वाचकांनी चालवून घ्यावे.) पहिला विषय अर्थातच बर्गींचा. १७४२ पासून आठ-नऊ वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालमध्ये जो धुमाकूळ घातला, त्याचा जाब आम्हास अजूनही हसतहसत विचारला जातो; आणि त्या स्वाऱ्यांतील लूट जणू आमच्याच ट्रंकेत पडून आहे अशा ओशाळलेपणाने आम्हीही हसून वेळ मारून नेतो. दुसरा विषय श्रीखंडाचा. त्यात आम्ही थोडेफार जाणकार आहोत. तिसरा मात्र अलीकडचा आहे, आणि त्याने आम्हास खरोखरच विचारात पाडले आहे. "दादा, आपण मराठी ना? मग सांगा पाहू, हा कुत्रा अस्सल मुधोळ आहे का?"

बागबाजारच्या बाजूस गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पशुपक्ष्यांचा बाजार भरतो. पोपटांचे पिंजरे, रंगीत मासे, ससे, रोपांच्या कुंड्या आणि कुत्र्यांची पिले यांची तेथे एकच गर्दी असते. त्या गर्दीत लांब तोंडाचे, पातळ कातडीचे, कमानीसारख्या पोटाचे एखादे पिलू छातीशी धरून विक्रेता "मुधोळ, मुधोळ" असा पुकारा करीत असतो. तेथून जवळच 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये आमच्या पूर्वजांच्या भीतीने कलकत्तेकरांनी जो खंदक खणावयास घेतला, त्याची ती शेवटची आठवण. मराठे त्या खंदकापर्यंत कधी आलेच नाहीत. मराठी मुलुखातला कुत्रा मात्र अडीचशे वर्षांनी सरळ खंदकाशेजारी येऊन विक्रीस बसला आहे.

आता मुधोळ काही महाराष्ट्रात नाही, हे आम्ही प्रत्येकास सांगतो आणि प्रत्येकजण ते विसरतो. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे दक्षिणेतील एक लहान संस्थान. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले, पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि १९९७ मध्ये विजापूर जिल्ह्याची विभागणी होऊन मुधोळ बागलकोट जिल्ह्यात आले. जागचे न हलता इतक्या बदल्या आपल्या खात्यातील कोणाच्याही झाल्या नसतील! या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली, आणि त्यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांस एक जोडी नजर केली तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले, अशी हकीकत सांगतात. लातूर-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंतच्या खेड्यांत मात्र या कुत्र्यास 'कारवान' किंवा 'कारवानी' म्हणतात. पश्चिम आशियातून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर याचे पूर्वज दख्खनेत उतरले असावेत, असा समज त्या नावामागे आहे. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असलेल्या भावंडास 'पश्मी' म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी जातींचे गुणगान केले, त्यातही त्याचे नाव आले. त्यानंतर गॅलिफ स्ट्रीटवरचा पुकारा वाढला यात नवल नाही.

परंतु हा प्रश्न वारंवार कानी पडू लागल्यावर आमच्या ध्यानात आले, की लोक विचारतात ते सगळे अस्सलपणाविषयी. खांद्याशी उंची किती, नाकापासून कपाळापर्यंत मस्तक किती लांब, बरगड्या किती दिसाव्यात, रंग कोणता चालतो? नराची उंची अडुसष्ट ते बहात्तर सेंटिमीटर असावी, मादीची त्याहून चार सेंटिमीटर कमी, हे पुस्तकात लिहिलेले आहे आणि मोजपट्टीने कोणालाही पाहता येते. पण हा कुत्रा शिकारीचा. तेव्हा शिकारी कुत्रा म्हणून तो चांगला कशाने ठरतो, हे आजवर आम्हास एकानेही विचारलेले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची खोड आम्हास नोकरीतच लागली. सेवानिवृत्तीनंतर ती सुटेल असे वाटले होते, सुटली नाही.

या प्रश्नाचा विचार आम्हास प्रथम सुचला तो एका अमेरिकन पुस्तकावरून. राष्ट्रीय ग्रंथालयात वेगळेच काही शोधीत असता ते हाती आले. अमेरिकेत रॅकून नावाचा एक प्राणी आहे. आकाराने मांजराहून मोठा, डोळ्यांवर चोराने बांधावी तशी काळी पट्टी, शेपटीवर कडी आणि पुढचे पंजे अगदी माणसाच्या हातांसारखे चपळ. तो रात्री हिंडतो, मक्याची कणसे मोडतो, खुराड्यातील कोंबड्या नेतो आणि पाठलाग झाला की झाडावर चढतो. आपल्याकडे त्याच्या जवळचे बिऱ्हाड शोधायचे तर उदमांजराचे; कोकणातील वाचक त्यास कांडेचोर म्हणून ओळखतील आणि बंगालमधील वाचक 'भाम' म्हणून. नात्याने रॅकून व उदमांजर कोणी लागत नाहीत, धंदा तेवढा एकच.

या रॅकूनच्या शिकारीसाठी तेथील खेडुतांनी पिढ्यान्‌पिढ्या जी कुत्री तयार केली, त्यांची परीक्षा मोठी विलक्षण आहे. रात्र काळोखी, मालक कंदील घेऊन रानाच्या कडेला उभा. कुत्रा सोडला की तो दिसेनासा होतो. पुढचे सारे काम कानांनी करावयाचे. माग सापडला की कुत्रा लांबलचक हेल काढून ओरडतो. माग ताजा होत जातो तसतसा आवाज जवळजवळ येऊ लागतो. आणि रॅकून झाडावर चढला, की बुंध्याशी उभा राहून तो तुटक, एकसारखे भुंकू लागतो. मालक तो बदल ओळखतो, आणि ओढे, काटेकुटे, चिखल ओलांडीत अर्धा-अर्धा कोस त्या आवाजाच्या दिशेने जातो. झाडापाशी पोहोचून त्याने वर उजेड टाकला आणि फांदीवर दोन डोळे चमकले, तर कुत्रा खरा. फांद्या मोकळ्या असल्या तर?

रिकाम्या झाडाखाली भुंकणे हा तेथे कुत्र्याचा सर्वांत मोठा दोष मानतात. पळण्यात कमी पडणे, रंग फिका असणे, कानाची ठेवण चुकणे हे त्यामानाने काहीच नव्हे. रॅकून लबाड असतो. तो एका झाडावर थोडा चढतो, बुंध्याला आपला वास लावतो आणि दूर उडी मारून निघून जातो. नाहीतर ओढ्याच्या पाण्यातून चालून माग पुसून टाकतो. उतावळा कुत्रा बुंध्याला वास येताच भुंकू लागतो. चांगला कुत्रा तेथे थांबतो, झाडाभोवती एक फेरी घालतो, मग त्याहून मोठी दुसरी घालतो. बाहेर गेलेला माग कोठे नाही ना, याची खात्री करून घेतो आणि मगच आपला शब्द देतो. एकदा शब्द दिला की मालक येईपर्यंत, मग त्यास तास लागो की दोन तास, तो झाड सोडीत नाही. वाटेत हरीण उठले तरी त्याच्या मागे लागत नाही. कारण त्याला पाठविले आहे ते हरणासाठी नव्हे.

हे वाचून आम्ही पुस्तक काही काळ मिटून ठेवले. अंधारात उभ्या असलेल्या मालकास स्वतःला काहीच दिसत नाही. त्याला रात्रभर चालावयाचे आहे ते केवळ दुसऱ्याच्या शब्दावर. आणि तो शब्द देणाऱ्यास ठाऊक आहे, की मालक भुंकण्याने खूष होतो. त्याला खूष करण्यासाठी भुंकावे की झाडावर खरोखर काही आहे म्हणून भुंकावे? जिल्ह्याच्या ठिकाणी बसून तालुक्याकडून आलेल्या अहवालांवर सह्या करण्यात ज्यांची वर्षे गेली, त्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाही. रिकाम्या झाडाखालचे किती अहवाल आपण आपल्या हयातीत वाचले असतील!

आपल्या जुन्या वाङ्मयातील पहिल्या शोधक कुत्रीची कसोटीही नेमकी हीच लागली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे आठव्या सूक्तात इंद्राची दूती सरमा आणि गाई चोरणारे पणी यांचा संवाद आहे. सरमा माग काढीत रसा नदी ओलांडून पणींच्या मुलुखात पोहोचते. पणी तिला आधी हिणवितात, मग गोंजारतात: तू आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, गाईंतला वाटा घे. सरमा ते साफ नाकारते. दूर दौऱ्यावर गेलेल्या सेवकास लाच देऊ केल्याची आणि ती त्याने नाकारल्याची याहून जुनी नोंद आमच्या वाचनात नाही. पण पुढच्या काळात लोकांस इतका सरळपणा पचला नसावा. 'बृहद्देवता' ग्रंथात तीच कथा वेगळी होते. तेथे सरमा वाटा नाकारते, पण गाईंचे दूध मागून पिते. आणि परत आल्यावर इंद्राने विचारले असता गाई पाहिल्याच नाहीत असे सांगते. इंद्र तिला लाथ मारतो, प्यालेले दूध ती ओकते, आणि त्याच वाटेने इंद्र गाईंपर्यंत जातो. एका कुत्रीच्या चारित्र्याविषयी दोन ग्रंथांत इतका मतभेद असावा, यावरूनच आपल्या लोकांनी हा प्रश्न किती मनावर घेतला होता हे दिसते.

महाभारतातील पांडवांच्या शिकारी कुत्र्याची मात्र आम्हास कधीच कीव आली नाही. रानात भटकता भटकता तो धनुर्विद्येचा अभ्यास करणाऱ्या एकलव्यासमोर गेला आणि मळलेले अंग व मृगाजिन पाहून भुंकू लागला. सात बाणांनी त्याचे तोंड बंद झाले, ते पाहून अर्जुन अस्वस्थ झाला आणि पुढचे सारे घडले. श्वापद कोणते आणि माणूस कोणता हे ज्याला कळत नाही, तो शिकारी कुत्रा कसला? चूक कुत्र्याची झाली आणि अंगठा गेला एकलव्याचा.

हे झाले नाकाने माग काढणाऱ्या, आवाज देणाऱ्या कुत्र्यांविषयी. आमचा कारवान त्या जातीचा नव्हे. तो डोळ्यांनी शिकार करतो. तोंड लांब व निमुळते, डोळे बाजूंकडे सरकलेले, त्यामुळे समोरचेच नव्हे तर बरेचसे बाजूचेही रान त्याच्या नजरेत मावते. छाती खोल, कारण आत मोठे हृदय आणि मोठी फुप्फुसे; पोट वर ओढलेले. भरधाव पळताना एकेका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा ताणलेले असताना. तो पळताना भुंकत नाही. श्वास भुंकण्यावर घालविणे त्यास परवडत नाही. मग ज्याला शब्दच नाही, त्याच्या खरेपणाची परीक्षा कशी घ्यावयाची?

ती परीक्षा आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. आमचे आजोळ सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट भागात, जेथे एका ओसरीवर मराठी आणि कानडी दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. आमचे धाकटे मामा तेथील पोलीस पाटील. १९६७-६८ च्या सुमारास त्यांच्याकडे दोन कारवान होते: चंद्या नावाचा फिकट रंगाचा कुत्रा आणि बिजली नावाची काळी कुत्री. पळण्यात बिजलीची बरोबरी पंचक्रोशीत कोणी करीत नसे. आम्हा मुलांचा जीव अर्थातच बिजलीवर. मामा मात्र पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत तो चंद्या, आणि यात मामांचे काहीतरी चुकते आहे अशी आमची ठाम समजूत होती.

ज्वारीची काढणी झाली, रानात नुसती धसकटे उरली, की पहाटे माणसे एका रांगेत चालू लागत. मामांच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला कुत्रा. ससा ढेकळाआड अंग चोरून बसलेला असतो. अगदी पायाशी येईतो हलत नाही. तो उठला तरी मामा लगेच दोरी सोडीत नसत. त्याला चाळीस-पन्नास पावलांचा पल्ला द्यावयाचा, मग सोडावयाचे. जवळून सोडणे ही शिकार नव्हे, खाटकाचे काम आहे, असे ते म्हणत. ससा सरळ पळत नाही. कुत्र्याचा श्वास शेपटीला लागला की तो एकदम काटकोनात वळतो. बिजली आपल्याच वेगाने पुढे निघून जाई आणि धूळ उडवीत फिरून येई. तेवढ्यात दुसरा ससा उठला तर ती पहिल्यास सोडून दुसऱ्यामागे जाई, आणि शेवटी दोन्हीही हातचे जात. चंद्या वळणाच्या आधीच किंचित मंद होई. दुसरा ससा त्याच्या नाकासमोरून गेला तरी तो पहिल्याच सशामागे राही.

"कुत्रं पळतंय किती, ते बघू नको," मामा एकदा आम्हास म्हणाले. "कुणामागनं पळतंय ते बघ."

खरी परीक्षा मात्र ससा दिसेनासा झाल्यानंतरची. बाभळीच्या कुंपणातून, ओढ्यापलीकडे, टेकाडाआड पाठलाग गेला की आम्ही सारे धापा टाकीत मागाहून पोहोचणार, त्यास दहा-पंधरा मिनिटे सहज लागत. तोपर्यंत तेथे कुत्रा आणि त्याने पकडलेला ससा यांच्याखेरीज पाहणारे कोणी नसे. चंद्या प्रत्येक वेळी सशापाशी उभा सापडे. जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत, आणि सशाच्या कातडीवर मानेजवळची एक खूण सोडून दुसरा ओरखडा नाही. बिजली आम्हास अर्ध्या वाटेतच सामोरी येई. शेपूट हलवीत, अंगाशी घासत, आज काहीच मिळाले नाही असा भाव चेहऱ्यावर आणून. मामा तिच्या ओठांवरून बोट फिरवीत आणि ते बोट आम्हास दाखवीत. तिला त्यांनी कधी मारले नाही. पण तिची पिलेही त्यांनी कोणास दिली नाहीत. 'बृहद्देवते'तील सरमेची गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचली, आणि वाचताना डोळ्यांसमोर बिजलीच उभी राहिली.

तेव्हा आमचे मत असे बनले आहे, की बोलणाऱ्या कुत्र्याने अंधारात खोटे बोलू नये आणि न बोलणाऱ्याने दृष्टीआड खोटे वागू नये. दोघांच्याही बाबतीत मालक दूर आहे, आणि वेग, ताकद, दम हे सारे गुण या एका गुणाच्या आधाराने आहेत. हा नसेल तर जितका वेग अधिक तितके नुकसान अधिक. हा गुण मोजपट्टीने मोजता येत नाही, पिलाच्या तोंडावर दिसत नाही आणि प्रदर्शनाच्या रिंगणात तर मुळीच प्रकट होत नाही. कारण रिंगणात सगळेच पाहत असतात.

ज्या शहरात आम्ही हे लिहीत आहोत तेथेही एकेकाळी शिकारी कुत्र्यांचा मोठा बडेजाव होता. कंपनीच्या आमदानीत येथील साहेबांनी विलायतेहून जहाजांतून फॉक्सहाउंड आणविले. येथे त्यांच्या तोलामोलाचा विलायती खोकड कोठला! म्हणून ते कोल्ह्यांच्या मागे घोडे फेकीत. कुत्री येथील उन्हाने मरत, आणि साहेब नवी मागवीत. साहेब गेले, त्यांची कुत्री गेली. टॉलीगंज क्लबच्या आवारात कोल्हे मात्र अद्याप संध्याकाळी हिरवळीवर येऊन बसतात. या शिकारीविषयी आम्हास फारसे ममत्व नाही. चाळीस कुत्री एका सुरात ओरडत असताना त्यांतील एखादे खोटे ओरडले तरी कोणास कळणार?

भवानीपुरात आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गॅलिफ स्ट्रीटवरून एक पिलू आणले आणि नेहमीचा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले. आम्ही "वाढू द्या, मग पाहू" असे मोघम उत्तर दिले. पिलू वाढले, आणि त्याच्या बरगड्या दिसू लागताच पाड्यातल्या सर्व मावश्यांनी प्राध्यापकांस दोष देण्यास प्रारंभ केला. कोणी दूधभात आणी, कोणी लुची. कुत्र्याने यातले फारसे मनावर घेतले नाही. प्राध्यापकांची तक्रार निराळी होती. "दादा, हा भुंकतच नाही! चोर आला तर काय करायचे?"

त्या घराच्या माळ्यावर एका भामाचे वास्तव्य होते. जुन्या कलकत्त्यातील वाड्यांत ते असतेच. रात्री छपरावर पावले वाजतात, आणि पोलावाच्या सुवासिक तांदळासारखा एक वास जिन्यात दरवळतो. बंगालीत त्यास 'गंधगोकुल' हे सुंदर नाव त्या वासावरूनच मिळाले आहे. पाड्यातील इतर कुत्री त्या वासाने रात्रभर आभाळाकडे तोंड करून भुंकत. प्राध्यापकांचा कुत्रा एका विशिष्ट ठिकाणी जाऊन उभा राही. मागच्या अंगणात, पावसाच्या पाण्याच्या नळाखाली, मान वर करून, निःशब्द. त्याला ओढून घरात न्यावे लागे. एका रात्री प्राध्यापकांनी वैतागून आम्हास हाक मारली. बॅटरी घेऊन आम्ही दोघे गेलो. इतर कुत्री ज्या चिंचेकडे पाहून गलका करीत होती ती चिंच मोकळी होती. आम्ही उजेड या मुक्या प्राण्याच्या नजरेच्या रेषेत धरला. नळ जेथे छज्ज्याला मिळतो तेथे विटांच्या खबदाडात चार डोळे होते. दोन मोठे, दोन अगदी लहान. आई आणि पिलू.

प्राध्यापक कुजबुजत म्हणाले, "म्हणजे हा रोज हेच सांगत होता!"

उंचीच्या मानाने तो कुत्रा पुस्तकातील मापात बसत नाही, आणि त्याची शेपूटही असावी तशी नाही. अस्सल मुधोळ असल्याचा दाखला आम्ही त्यास देऊ शकत नाही. भामाच्या पिलाने डोळे उघडून हिंडायला लागेपर्यंत मागचे दार रात्री बंद ठेवावयाचे, एवढे मात्र त्या रात्री ठरले, आणि ते पाळलेही गेले.

आता या कुत्र्यांच्या नव्या नेमणुकांविषयी थोडे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यक विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र या जातीसाठी चालते. तेथील सहा पिले २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. २०२१ मध्ये चार पिले हवाई दलाने आग्र्याच्या विमानतळासाठी घेतली. धावपट्टीवर उतरणारी पाखरे हाकलणे हे त्यांचे काम. आग्र्याची नेमणूक आम्हास मनापासून आवडली. मोकळे मैदान, दूरवरचे डोळ्यांना दिसणारे लक्ष्य आणि भरधाव धाव. यात त्याचा स्वभाव आणि त्याचे काम यांचे जुळते. परंतु याच कुत्र्यास बंद खोलीत वासावरून दारूगोळा हुडकण्यास लावावे आणि तो लॅब्रेडॉरच्या मागे पडला म्हणून देशी जात निरुपयोगी ठरवावी, असा सूर जेव्हा ऐकू येतो, तेव्हा आम्हास लेखा विभागातून उचलून बंदोबस्ताच्या कामावर धाडलेल्या आमच्या एका सहकाऱ्याची आठवण होते. बिचाऱ्याच्या गोपनीय अहवालात 'उत्साहाचा अभाव' असा शेरा पडला होता.

वासाचे काम ज्यांचे आहे त्या जाती आज वेगळ्याच शिकारीवर आहेत. २००८ पासून भोपाळजवळ आणि नंतर इतरत्रही कुत्र्यांना वाघाचे कातडे, हाडे, हस्तिदंत यांचा वास ओळखण्यास शिकवितात, आणि ती कुत्री वनखात्याबरोबर चोरट्या शिकाऱ्यांचा माग काढतात. रिकाम्या पेटीसमोर बसून 'येथे आहे' अशी खूण करणारा कुत्रा तेथेही नापासच होतो.

अमेरिकेतील त्या पुस्तकवाल्यांनीही काळाप्रमाणे एक तोड काढली आहे. तेथे आता रॅकून-कुत्र्यांच्या रात्रीच्या स्पर्धा होतात, आणि त्यांत रॅकूनला मारावयाचे नसते. कुत्रा झाडाखाली भुंकला की मालकाने 'हा माझा कुत्रा' असे पुकारावयाचे, पंचांनी वर उजेड टाकावयाचा. डोळे दिसले तर गुण, झाड मोकळे निघाले तर गुण वजा. मग कुत्र्यास साखळी लावून सर्वजण निघून जातात आणि रॅकून फांदीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहतो. ही युक्ती दख्खनच्या माळावर कशी आणावी, हे कोणा हौशी माणसाने मनावर घ्यावे असे आम्हास फार वाटते. नाहीतर चार पिढ्यांत उंची, रंग आणि मस्तकाची लांबी तेवढी शिल्लक राहील. चंद्याची पिले कोणती आणि बिजलीची कोणती, हे सांगण्यास साधन उरणार नाही.

आमच्याकडे सशाची शिकार आता नाही, आणि ती पुन्हा सुरू व्हावी असेही आम्ही म्हणत नाही; माळावर ससे आणि काळवीट किती उरले आहेत हे आम्ही जाता-येता पाहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लहान शिकारीसही परवान्याची अट आली. १९९१ च्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद झाला. कायद्याचा कागद आमच्या आजोळी पोहोचला तेव्हा मामा पोलीस पाटीलच होते. सशासाठी जिल्ह्याला जाऊन परवाना काढावयाचा, ही कल्पना गावात बरेच दिवस थट्टेचा विषय झाली. पाटलाला कोण विचारतो, असेही लोक म्हणाले. मामांनी दोरी खुंटीला अडकवली नाही. पण सोडलीही नाही. रोज पहाटे ते चंद्याला घेऊन पूर्वीच्याच रानातून फिरून येत.

सुटीत आम्ही गेलो असता एकदा त्यांच्याबरोबर होतो. चंद्या तेव्हा म्हातारा होऊ लागला होता; तोंडाभोवती पांढरे केस आले होते. ओढ्याकडच्या धसकटांत ससा उठला. मामा थांबले. सवयीने त्यांनी पल्ला दिला. चाळीस पावले, पन्नास, साठ. चंद्याच्या अंगावरून थरथर गेली, त्याचे कान मागे पडले, पण दोरी सैलच राहिली. तो सशाकडे पाहत होता. मग त्याने मान वळवून मामांकडे पाहिले. ससा टेकाडाआड गेला. मामांनी खाली वाकून त्याच्या मानेवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि आम्ही तिघेही घराकडे वळलो.